खेळाडू, मद्य आणि मोटार : शिक्षेचे माप कोणते?



म्हापशाहून निघून कोलवाळचा पूल ओलांडला की राष्ट्रीय महामार्ग ६६ धारगळ गावातून पेडणे आणि पत्रादेवीच्या दिशेने जातो. २०२३ च्या जानेवारीत मोपा येथील विमानतळावर विमानांची ये-जा सुरू झाली, आणि या रस्त्याला रात्र अशी उरली नाही. भातकापणी झाली की याच भागातील मळ्यांत मुलांचे क्रिकेट आणि फुटबॉल रंगात येते. कित्येकांच्या पाठीवर आवडत्या खेळाडूचे नाव असते. दिवेलागणीला ही मुले रस्त्याच्या कडेने घराकडे परततात. आणि त्याच सुमारास मोरजी, मांद्रे, हरमल येथील किनाऱ्यांकडून मोटारी महामार्गाकडे येऊ लागतात. त्यांतील काही चालकांनी मद्य घेतलेले असते. आता अशी कल्पना करा की, त्यांतील एका मोटारीच्या चक्राशी बसलेला माणूस, मुलाच्या पाठीवर ज्याचे नाव आहे, तोच आहे. त्याला शिक्षा कोणती व्हावी? इतरांइतकीच? इतरांहून अधिक? की त्याने देशाला दिलेल्या आनंदाच्या मोबदल्यात थोडी कमी? आजच्या भाषणात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम मद्य काय करते ते पाहू. ताशी १४० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचावयास अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. एवढ्या अवधीत तो चेंडू पाहतो, त्याचा टप्पा ओळखतो, पाय हलवितो आणि बॅट फिरवितो. त्याची सारी कीर्ती या अर्ध्या सेकंदावर उभी असते. मद्य घाव घालते ते नेमके याच ठिकाणी. डोळ्यांनी पाहिलेले मेंदूला उमजावयास आणि मेंदूची आज्ञा हातापायांपर्यंत जावयास विलंब लागतो. आणि विलंब होतो आहे ही जाणीवच मद्य आधी पुसून टाकते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. ब्रेक दाबण्यास अर्धा सेकंद उशीर झाला, तर ती ८ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे एका दुपदरी रस्त्याच्या रुंदीहून अधिक. रस्ता ओलांडणारे मूल तेवढ्याच अंतरात असते.

येथे खेळाडूंच्या मनात एक भ्रम असतो. आपले शरीर कसलेले आहे, आपल्याला चढत नाही, असे त्यांस वाटते. परंतु मद्याचा निचरा मुख्यतः यकृत करते आणि ते आपल्याच संथ गतीने करते. शंभर मिलिलिटर रक्तातून ताशी सरासरी १५ मिलिग्रॅमच्या आसपास मद्य कमी होते. कॉफी, थंड पाण्याचे स्नान किंवा मैदानाच्या दहा फेऱ्या यांनी ही गती वाढत नाही. मध्यरात्री ज्याच्या रक्तात हे प्रमाण १५० आहे, त्याच्या रक्तात सकाळी आठ वाजता साधारणपणे ३० उरलेले असते. आणि आपल्याकडील कायद्याची मर्यादा नेमकी ३० हीच आहे. इंग्लंडमध्ये ती ८० आहे आणि अमेरिकेतील बहुतेक राज्यांतही ८० च. तेव्हा मर्यादेच्या बाबतीत आपला कायदा सौम्य आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही.

शिक्षेच्या बाबतीत काय? मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ सांगते की, पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० रुपयांपर्यंतच होता. या तरतुदीतील ‘किंवा’ हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला दहा हजार रुपये म्हणजे कित्येक दिवसांची भाकरी. एका हंगामासाठी कोट्यवधी रुपये घेणाऱ्या खेळाडूला ती रक्कम एका जेवणावळीची असते. कागदावर दोघांना शिक्षा एकच. प्रत्यक्षात एकाला ती झाली आणि दुसऱ्याला झालीच नाही.

आता दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहू. दोन्ही मुंबईच्या वांद्रे भागातील आहेत. २७ फेब्रुवारी २०२२ रोजी माजी कसोटीपटू विनोद कांबळी यांना मद्यप्राशन करून मोटार चालविल्याच्या आरोपावरून पोलिसांनी अटक केली. त्यांची मोटार एका निवासी सोसायटीच्या फाटकावर आदळली होती. पुढे जामिनावर त्यांची सुटका झाली. १९८८ मध्ये शालेय सामन्यात सचिन तेंडुलकरांसमवेत ६६४ धावांची भागी रचणारा आणि १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके झळकाविणारा हाच तो डावखुरा फलंदाज. बातमी वाचून अनेकांना हळहळ वाटली आणि ती स्वाभाविक होती. दुसरी घटना १२ नोव्हेंबर २००६ ची. कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून एका तरुणाची मोटार गेली. सात जण मृत्युमुखी पडले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्य आढळले. सत्र न्यायालयाने त्यास सहा महिन्यांची कैद दिली. उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षांची दिली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मात्र ही शिक्षा अपुरी आहे, परंतु राज्याने अपील केलेले नसल्यामुळे ती वाढविण्याचा विचार आम्ही करीत नाही, असेही नमूद केले.

पहिल्या घटनेतील आरोपांचा निवाडा करण्याचे काम आपले नव्हे. पण एक गोष्ट कोणाच्याही ध्यानात येईल. मद्य घेऊन जो कोणी चक्र हाती घेतो, तो एकच कृत्य करतो. पुढे लोखंडी फाटक येते की झोपलेला मजूर, हे त्याच्या हातात नसते. आपला कायदा आणि आपली हळहळ ही दोन्ही बहुतांशी परिणामावरून ठरतात. फाटक मोडले तर ‘झाले गेले विसरून जा’. माणूस मेला तर ‘फाशी द्या’. मुळात दोष आहे तो याच ठिकाणी.

परदेशातील दाखले हेच सांगतात. कोणाचा जीव गेलेला नाही अशी प्रकरणे आधी घेऊ. आर्सेनल या इंग्लिश संघाचा कर्णधार टोनी ॲडम्स यास १९९० च्या डिसेंबरात चार महिन्यांची कैद झाली आणि तिच्यातील सुमारे निम्मी त्याने प्रत्यक्ष भोगली. २०१७ मध्ये वेन रूनी यास दोन वर्षे वाहनबंदी आणि शंभर तास विनामोबदला समाजसेवा अशी शिक्षा झाली. २०१८ मध्ये फ्रान्सच्या विश्वविजेत्या संघाचा कर्णधार ह्यूगो लॉरिस याला लंडनच्या न्यायालयाने ५०,००० पौंड दंड आणि वीस महिन्यांची वाहनबंदी ठोठावली. इंग्लंडमध्ये या गुन्ह्यात किमान एक वर्षाची वाहनबंदी सामान्यतः अटळ असते आणि दंड ठरविताना मिळकत पाहिली जाते. फिनलंडमध्ये तर १९२१ पासून दंड रुपये-आण्यांत नव्हे, तर माणसाच्या रोजच्या मिळकतीच्या मापाने आकारण्याची पद्धत आहे. श्रीमंताला अधिक कडक शिक्षा करावी, हा तिचा हेतू नाही. दोघांना सारखाच चटका बसावा, हा आहे.

अमेरिकेतील चित्र अधिक विचार करावयास लावणारे आहे. १९९८ मध्ये लिओनार्ड लिटल या फुटबॉलपटूच्या मोटारीखाली एका स्त्रीचा अंत झाला. त्याला नव्वद दिवसांचा तुरुंगवास झाला. मार्च २००९ मध्ये डॉन्टे स्टॉलवर्थ याच्या मोटारीखाली एक पादचारी ठार झाला. त्याला तीस दिवसांची कैद, दोन वर्षे घरातच स्थानबद्धता, आणि त्याच्या संघटनेने एक संपूर्ण हंगाम खेळण्यास केलेली मनाई. त्यानंतर महिना उलटण्याच्या आत, ९ एप्रिल २००९ रोजी, कॅलिफोर्नियात निक ॲडेनहार्ट हा बावीस वर्षांचा उगवता बेसबॉलपटू आदल्या रात्रीचा सामना संपवून जात असता एका मद्यपी चालकाने त्याच्या मोटारीला धडक दिली. तो आणि त्याचे दोन सोबती ठार झाले. त्या चालकाला खुनाबद्दल किमान एक्कावन्न वर्षांची आणि कमाल आजन्म अशी कैद झाली.

न्यायाच्या दृष्टीने येथे सावध राहिले पाहिजे. दोन्ही राज्यांचे कायदे भिन्न आहेत. स्टॉलवर्थ जागेवर थांबला, त्याने गुन्हा कबूल केला, मृताच्या कुटुंबाशी त्याची तडजोड झाली. दुसऱ्या चालकाला याच गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झालेली होती आणि त्याने तिघांचे प्राण घेतले. फरक असावयासच हवा होता. परंतु तीस दिवस आणि एक्कावन्न वर्षे? खेळाडू बळी गेला तेव्हा, आणि खेळाडूने बळी घेतला तेव्हा, असे दोन तराजू समाजाने वापरले, अशी शंका सामान्य माणसाच्या मनात आली तर तिला दोष देता येणार नाही. पुढे वारे थोडे बदलले. हेन्री रग्ज या तरुण खेळाडूने २०२१ मध्ये लास व्हेगास येथे ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने मोटार हाकून एका तेवीस वर्षांच्या तरुणीचा प्राण घेतला. संघाने त्याला त्याच दिवशी काढून टाकले आणि २०२३ मध्ये न्यायालयाने तीन ते दहा वर्षांची कैद दिली.

खेळाडूंच्या बाजूनेही दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि त्या ऐकून घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, त्यांना लोकापवादाची शिक्षा आधीच झालेली असते. सामान्य माणसाचा गुन्हा चार जणांना कळतो, त्यांचा चार कोटींना. हे खरे आहे. परंतु तीच कीर्ती त्यांना चांगला वकील, जामीन आणि सहानुभूती मिळवून देते, हेही तितकेच खरे आहे. दुसरी गोष्ट अधिक वजनाची आहे. अतिमद्यपान हा पुष्कळदा आजार असतो आणि आजाऱ्याला नुसते कोंडून तो बरा होत नाही. टोनी ॲडम्सने १९९६ मध्ये आपले व्यसन जाहीरपणे मान्य केले, तो त्यातून बाहेर पडला आणि २००० साली त्याने व्यसनाधीन खेळाडूंसाठी संस्था काढली. तुरुंगातून सुटल्यावरही त्याला सावरण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागला, ही गोष्ट बोलकी आहे. म्हणून उपचार हवेतच. मात्र ते शिक्षेच्या जागी नव्हेत, तर शिक्षेच्या जोडीने.

मग आपल्या प्रश्नाचे उत्तर काय? शिक्षा सौम्य आहेत का? माझ्या मते त्या चुकीच्या ठिकाणी सौम्य आहेत. कोणाचा जीव गेल्यानंतरची कैद वाढविणे सोपे असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने हयगयीने मृत्यू घडविल्याबद्दलची कमाल कैद दोन वर्षांवरून पाच वर्षे केली आहे. परंतु ज्याला आपण पकडले जाऊ असे वाटतच नाही, त्याला पाच काय नि दहा काय! माणूस भितो तो शिक्षेच्या लांबीला नव्हे, तर तिच्या खात्रीला. म्हणून फाटकावरच, म्हणजे कोणी मरण्यापूर्वीच, शिक्षा निश्चित आणि जाणवणारी असली पाहिजे. वाहनाचा परवाना तत्काळ आणि दीर्घ काळ जावा, दंड मिळकतीच्या मापाने व्हावा, आणि खेळाडूच्या बाबतीत त्याचे मैदान काही काळ बंद व्हावे.

या शेवटच्या मुद्द्यास आधार आहे. उत्तेजक द्रव्य हेतुपुरस्सर घेणाऱ्या खेळाडूस आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सामान्यतः चार वर्षांची बंदी होते. खेळात लबाडी केली तर चार वर्षे मैदान बंद. मग रस्त्यावर दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर एक सामनाही बंद नसावा काय? अमेरिकेच्या जलतरण संघटनेने २०१४ मध्ये मायकेल फेल्प्स यास याच गुन्ह्यासाठी सहा महिने दूर ठेवले आणि पुढील वर्षीच्या जागतिक स्पर्धेलाही त्याला मुकावे लागले. त्याने कोणाला इजा केलेली नव्हती; नेमके म्हणूनच ती शिक्षा योग्य जागी बसली. पुढे २०१६ मध्ये तो रिओच्या ऑलिंपिकमध्ये उतरला आणि पाच सुवर्णपदके घेऊन परतला. त्या शिक्षेने एक खेळाडू संपला नाही, हे विसरू नये.

ही गोष्ट केवळ मोठ्या नावांची नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच गोव्यात बाणस्तारीच्या पुलावर एका भरधाव मोटारीने तिघांचा बळी घेतला आणि चालकावर मद्यप्राशनाचा आरोप ठेवला गेला. तो काही प्रसिद्ध खेळाडू नव्हता. धारगळपासून डिचोलीपर्यंत गावोगावी स्पर्धा भरतात, अंतिम सामना होतो, चषक उंचावला जातो आणि मग रात्रीचे जेवण होते. सरकारी कायदा बदलेल तेव्हा बदलो. स्पर्धा भरविणाऱ्या मंडळाला आपला नियम आजच करता येईल. जो खेळाडू मद्य घेऊन वाहन चालविताना आढळेल, तो पुढील वर्षीच्या स्पर्धेत खेळणार नाही, मग तो संघाचा कितीही भरवशाचा गोलंदाज असो. आणि जेवणाच्या पंगतीतून उठताना दुचाकीच्या चाव्या न प्यालेल्या एका जाणत्या माणसाच्या खिशात असाव्यात.

संध्याकाळी मळ्यातून घरी परतणाऱ्या त्या मुलाला शिक्षेची कलमे ठाऊक नसतात. त्याच्या पाठीवर ज्याचे नाव आहे, त्याच्याकडे मात्र तो पाहत असतो. त्याला रस्त्याच्या कडेने सुखरूप घरी पोहोचू देणे, एवढी अपेक्षा आपण त्याच्या नायकाकडून ठेवली, तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.