महिनाभराची शांतता आणि घरातली मुलं

रमजानचा चाँद दिसला की घराघरांतला दिनक्रम बदलतो. पहाटे सहेरीसाठी दिवे लागतात, संध्याकाळी इफ्तारच्या दस्तरखानाभोवती सगळे एकत्र बसतात, रात्री तरावीहच्या नमाजसाठी मशीद भरते. काही घरांत याखेरीज आणखी एक बदल होतो. त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. वर्षभर पिणारा बाप या महिन्यात बाटलीला हात लावत नाही. इस्लामने मद्य हराम ठरवलं आहे, हे त्यालाही ठाऊक असतं. अकरा महिने जे जमत नाही, ते तो या एका महिन्यात कसंबसं जमवतो. हिंदू शेजाऱ्यांनाही हे नवं नाही. गटारीला मनसोक्त पिऊन घ्यायचं आणि मग श्रावण पाळायचा, ही रीत महाराष्ट्रात सर्वांच्या ओळखीची आहे.

अशा घरातल्या मुलांसाठी हा महिना म्हणजे सुट्टीच असते. रात्री भांडी आपटत नाहीत. आई रडत नाही. वही-पेनाला पैसे मिळतात. बाप जवळ बसून शाळेचं विचारतो. पण ही मुलं दिवस मोजत असतात. इतर मुलांना ईदची ओढ लागलेली असते, तेव्हा या मुलांच्या पोटात गोळा येतो. ईदनंतर काय होणार, हे त्यांना मागच्या वर्षी कळलेलं असतं.

नवापूर तालुक्यातलं खांडबारा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं गाव. आसपासच्या आदिवासी पाड्यांचा बाजारहाट इथे होतो. गुजरातची हद्द इथून दूर नाही. तिकडे 1960 साली राज्य स्थापन झालं तेव्हापासून दारूबंदी आहे, इकडे परवान्याची दुकानं आहेत. होळीच्या सुमारास या भागात महू फुलतो. पहाटे झाडाखाली पडलेली फुलं वेचायला लहान-थोर सगळे जातात. ही फुलं वाळवून खातात, विकतात आणि त्यांची दारूही गाळतात. याहामोगीच्या पूजेत महूच्या दारूला मान आहे. पण पूजेत धार सोडणं वेगळं आणि मजुरीचे पैसे हातात पडताच बाटली उघडणं वेगळं, हे इथल्या जाणत्या माणसांना सांगावं लागत नाही.

दारू सोडण्याची हाकही याच मातीतून उठलेली आहे. तळोदा तालुक्यातल्या रंजनपूरचे संत गुलाम महाराज यांनी 1930 च्या दशकात भिल्ल समाजाला दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना मान द्या, असं सांगितलं. हजारो लोक त्यांच्या आरतीला जमू लागले. 1938 मध्ये त्यांचं निधन झालं आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते काम पुढे नेलं. म्हणून दारू म्हटली की आदिवासींकडे बोट दाखवणं हा अन्याय आहे. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 16 कोटी लोक मद्य घेतात. त्यांपैकी 5 कोटी 70 लाखांच्या आसपास लोकांना त्याचा त्रास इतका आहे की त्यांना मदतीची गरज आहे. यात सगळ्या जाती, सगळे धर्म आले. आणि अशा कितीतरी माणसांच्या घरी मुलं आहेत.

मुलांचं दुःख बाहेरून सहज दिसत नाही. थोरली मुलगी दहाव्या-बाराव्या वर्षीच घराची आई होते. स्वयंपाक, धाकटी भावंडं आणि बापाला अंथरुणावर नेऊन टाकणं, सगळं तिच्याकडे येतं. लोक तिला ‘किती समजूतदार’ म्हणतात. एखादा मुलगा वर्गात सारखे विनोद करतो, एखादा मारामाऱ्या करतो, एखादं मूल इतकं गप्प होतं की ते वर्गात आहे हेच विसरायला होतं. आश्रमशाळेत राहणारं मूल होळीची सुट्टी जवळ आली की आजारी पडतं. त्याला घरी जायचं नसतं, पण तसं म्हणताही येत नाही. या सगळ्यांच्या मनात एकच समजूत घर करून असते, ‘आपण नीट वागलो असतो तर बाबा प्यायले नसते.’ त्यात गल्लीतली पोरं ‘बेवड्याचा पोरगा’ म्हणून हाक मारतात. मग मूल मित्राला घरी बोलावणं बंद करतं.

अशा मुलाला बाप असतो, पण बापाची सावली नसते. बाप असून ते पोरकं असतं. पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांचे वडील त्यांच्या जन्माआधीच वारले. सहाव्या वर्षी आईही गेली. आधी आजोबा अब्दुल मुत्तलिब यांनी आणि त्यांच्यानंतर चुलते अबू तालिब यांनी त्यांना सांभाळलं. अबू तालिब काही श्रीमंत नव्हते. पण ते पुतण्याच्या पाठीशी शेवटपर्यंत उभे राहिले. अनाथाच्या डोक्यावरून हात फिरवण्याला इस्लाममध्ये एवढं मोल का आहे, ते या चरित्रातून कळतं.

मानसशास्त्राचा अभ्यासही याच ठिकाणी येऊन पोहोचतो. अमेरिकेच्या हवाई बेटसमूहातल्या कौआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी त्यांच्या चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आई-बापांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक अडचणी ज्यांच्या वाट्याला एकदम आल्या, त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं तरीही कर्तबगार आणि प्रेमळ माणसं झाली. त्यांच्यात एक गोष्ट पुन्हापुन्हा आढळली. आजी, मावशी, शिक्षक किंवा शेजारी असं कुणीतरी एक भरवशाचं माणूस त्यांच्या आयुष्यात होतं.

मुलाला मदत करायची तर आधी बापाची दारू सुटली पाहिजे, असं अनेकांना वाटतं. मग बापाला समजावण्यातच वर्षं जातात आणि मूल मोठं होऊन जातं. ही दोन कामं वेगळी आहेत. बाप पीत असला तरी मुलाला आजपासून आधार देता येतो.

खांडबाऱ्यासारख्या गावात ते अवघड नाही. मुलाला आधी तीन गोष्टी ऐकू येऊ द्याव्यात. ही दारू तुझ्यामुळे नाही. ती सोडवणं तुझं काम नाही. आणि याबद्दल बोलण्यात लाज नाही. मुलासमोर बापाची निंदा मात्र करू नये. बाप शुद्धीत असतो तेव्हा मूल त्याच्यावर प्रेम करतं आणि ते प्रेम खरं असतं. बापाला आजार आहे, एवढं म्हटलं तरी पुरतं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, ते याच विचारावर. व्यसन हा आजार आहे आणि तो सबंध घराला ग्रासतो, असं तिथे मानतात. म्हणून पत्नींसाठी तिथे ‘सहचरी’ गट चालतो. अमेरिकेत 1957 मध्ये मद्यपींच्या किशोरवयीन मुलांनी आपला ‘अ‍ॅलाटीन’ गट सुरू केला. ‘माझ्याच घरी असं नाही’ हे एकमेकांकडून कळलं, एवढ्यानेही मुलांचं निम्मं ओझं उतरतं.

बाजाराच्या आणि मजुरी वाटपाच्या दिवशी संध्याकाळी मुलाला बसायला एखादी जागा हवी. मावशीची ओसरी, शिक्षकांचं घर, मशिदीलगतची किंवा देवळालगतची खोली, काहीही चालेल. तिथे दिवा, चटई आणि भाकरी असली की मूल अभ्यासाला बसतं. रमजानमध्ये सदका, मदत देताना पैसे बापाच्या हाती न देता धान्य, वह्या, गणवेश थेट पोहोचवता येतात. आणि मुलाला दारू आणायला कुणीही पाठवू नये. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 77 नुसार मुलाला दारू देणं आणि कलम 78 नुसार मुलाकरवी दारू विकणं किंवा वाहून नेणं हा गुन्हा आहे. त्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मारहाण होत असेल, मूल उपाशी राहत असेल किंवा शाळा सुटली असेल, तर 1098 या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर कुणालाही फोन करता येतो, खुद्द मुलालाही. लगेच धोका असेल तर 112. बाप गमावलेल्या किंवा कौटुंबिक संकटात सापडलेल्या मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी.

बापासाठीही या महिन्यात एक सावधगिरी हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने रोजा किंवा श्रावण पाळायचा म्हणून दारू एकदम बंद केली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असे त्रास होऊ शकतात आणि क्वचित ते जिवावर बेततात. याला पापाची शिक्षा समजून घरात दडवू नये, तातडीने दवाखान्यात न्यावं. दारू सोडायची इच्छा असेल तर आधीच डॉक्टरांना भेटावं. 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे.

कुरआनमध्ये मद्याविषयीचे आदेश एकदम आले नाहीत, टप्प्याटप्प्याने आले. आधी त्यातलं नुकसान सांगितलं, मग नशेत नमाजजवळ जाऊ नका असं सांगितलं आणि शेवटी मनाई आली. माणूस बदलायला वेळ लागतो, हे त्यात गृहीत आहे. म्हणून महिनाभर कोरडा राहिलेला बाप ईदनंतर घसरला, तर ‘सगळं ढोंग होतं’ असं म्हणून त्याला सोडून देऊ नये. तीस दिवस जमलं, याचा अर्थ इच्छा आहे. त्या इच्छेला उपचाराची जोड मिळाली तर पुढचं शक्य होतं. त्यासाठी दवाखान्यात जायचा दिवस रमजान संपण्याआधीच ठरलेला बरा.

तोवर मुलाचं काय, हा प्रश्न शेजाऱ्यांनी आपल्याकडे घ्यायचा आहे. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी सगळ्या घरांत जाते, दिवाळीचा फराळही तसाच जातो. वाटी घेऊन गेलेल्या माणसाने पुढच्या आठवड्यात, काही निमित्त नसतानाही, त्या दारावर थाप मारावी आणि मुलाला नावाने हाक मारावी.