आदल्या संध्याकाळचा सण

पैनगंगेच्या दक्षिणेस, महाराष्ट्राच्या सरहद्दीला लागून असलेला आदिलाबाद जिल्हा १९५६ साली हैदराबाद राज्यातून आंध्र प्रदेशात आणि २०१४ साली तेलंगणात गेला. दप्तरांतील नावे पालटली, पण येथील मराठी शेतकऱ्याचा पोळा तसाच राहिला.

श्रावण अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी, कपाशीत डवरे ओढून परतलेल्या बैलाच्या घट्टे पडलेल्या खांद्यावर घरधनी हळद-लोणी हलक्या हाताने मळतो, उद्याच्या पुरणपोळीचे आवतण त्याच्या कानात सांगतो आणि बैल डोळे मिटून स्वस्थ उभा राहतो, तेव्हा नित्याच्या श्रमातील सोबत्याविषयीची कृतज्ञता हाच उत्सवाचा गाभा, हे अंतःकरणाला पटते. तोच हात रोज सायंकाळी त्या खांद्यावरून एकदा फिरला, तर कोणतीही तिथी मंगलच होय.