बाईकचा बेंड पाईप लीक झाला की ईसीयू कसा फसतो, आणि गळती बंद कशी करायची



इथे आपण एरवी अ‍ॅप, बॅटरी, प्रोसेसर यावर बोलतो. आजचा विषय जरा काळा-तेलकट आहे. पण खोलात गेल्यावर तोही सेन्सर आणि सॉफ्टवेअरचाच निघाला, म्हणून लिहितोय.

मागच्या पावसाळ्यानंतर माझ्या बीएस-६ बाईकमधून सकाळी सुरू करताना टिक-टिक-टिक असा आवाज यायला लागला. पाचेक मिनिटांत बंद व्हायचा. गारखेड्याहून चिकलठाणा एमआयडीसीत रोजचं जाणं-येणं, त्यामुळे ऑफिसला पोचेपर्यंत मी विसरूनही जायचो. मग मायलेज घसरलं. उतारावर थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फट्-फट् व्हायला लागलं. एका सर्व्हिस सेंटरवर दाखवली तर "पूर्ण सायलेन्सर बदलावा लागेल" असं सांगितलं. आकडा ऐकला, हेल्मेट घातलं आणि घरी आलो.

त्यांचं पूर्ण चूक नव्हतं. आजच्या बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिनच्या तोंडाला बसणारा वाकडा पाईप (आपले मेकॅनिक ज्याला बेंड पाईप म्हणतात), मधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि मागचा सायलेन्सर हे एकच असेंब्ली म्हणून येतं. पण गळती नेमकी कुठे आहे हे न बघता पूर्ण असेंब्ली बदलणं म्हणजे एक अ‍ॅप हँग झालं म्हणून फोनच बदलण्यासारखं.

गळतीने आवाजाशिवाय काय होतं?

आधी सेन्सर समजून घेऊ. बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले आणि कार्ब्युरेटर जवळपास संपला. आता किती पेट्रोल सोडायचं हे ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर ठरवतो. तो अंदाज बरोबर आला का हे त्याला कळतं बेंड पाईपवरच्या ऑक्सिजन सेन्सरमुळे. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल जास्त पडलं तर नेहमीच्या प्रकारचा सेन्सर ०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो, हवा जास्त झाली तर ०.१ च्या आसपास. गाडी गरम झाल्यावर हा आकडा सतत खाली-वर नाचत असतो, आणि ईसीयू त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. साधा फीडबॅक लूप.

आता गंमत बघा. पाईप फुटला की धूर फक्त बाहेर येतो असं आपल्याला वाटतं. पण धूर नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने जातो. प्रत्येक धक्क्याच्या मागे पाईपमध्ये क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. फट सेन्सरच्या आधी असेल तर ही ताजी हवा थेट सेन्सरवर जाते. सेन्सर म्हणतो, "ऑक्सिजन जास्त आहे, पेट्रोल कमी पडतंय." ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवतो. इंजिनला त्याची गरज नसते. प्लग काळा पडतो, मायलेज जातं, आणि जास्तीचं अर्धवट जळलेलं पेट्रोल त्या हवेबरोबर गरम पाईपात पेटून फट्-फट् करतं. कोडमध्ये बग नाही, इनपुटच खोटं आहे. माझ्या प्रोफेशनमध्ये असले बग सगळ्यात जास्त डोकं खातात.

सकाळचा आवाज पाच मिनिटांत का जायचा? धातू तापून फुगतो आणि फट दाबली जाते, म्हणून. त्यामुळे मेकॅनिककडे गाडी नेताना ती थंडच न्या, नाहीतर तो म्हणणार, "कुठंय आवाज?"

पाईप सडतो कुठून?

हे मला माहीत नव्हतं: १ लिटर पेट्रोल जळलं की जवळपास १ लिटर पाणी तयार होतं. लांबच्या रस्त्यावर ते वाफ होऊन निघून जातं. पण रोज दोन-चार किलोमीटरच गाडी फिरवली तर पाईप पुरता तापत नाही, पाणी आतच साचतं आणि लोखंड आतून गंजतं. बाहेरचा क्रोम चकचकीत असतो आणि आत जाळी झालेली असते. त्यात व्हायब्रेशन, आणि तापलेल्या पाईपवर खड्ड्यातलं पाणी. तडे बहुतेक वेल्डिंगच्या कडेला किंवा ब्रॅकेटजवळ जातात. पण सगळ्यात आधी तपासायची ती इंजिन आणि पाईपमधली पॅकिंग.

फोन घेऊन गळती शोधा

गाडी पूर्ण थंड असताना फोनचा टॉर्च मारून जोड बघा. गळतीच्या जागी काजळीचा काळा किंवा करडा फराटा दिसतो. तो दिसला तर अर्धं काम झालं. नाही दिसला तर साबणाचं पाणी जोडांवर आणि वेल्डिंगवर फवारा, सायलेन्सरच्या मागच्या तोंडाला ब्लोअर लावून हलकी हवा सोडा (इंजिन बंद!) आणि स्लो-मोशन व्हिडिओ काढा. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बघतो तोच प्रकार. माझे बुडबुडे इंजिनच्या तोंडाशी आले, म्हणजे पॅकिंग. शिवाय ब्रॅकेटजवळ केसाएवढा एक तडा निघाला.

बऱ्याच बीएस-६ गाड्यांना सीटखाली सहा पिनांचा कनेक्टर असतो. त्याला योग्य केबल आणि ब्लूटूथ ओबीडी अ‍ॅडाप्टर जोडला तर अ‍ॅपवर सेन्सरचा व्होल्टेज दिसू शकतो, पण प्रत्येक गाडी जेनेरिक अ‍ॅपशी बोलतेच असं नाही. माझी बोलली. व्होल्टेज खालीच चिकटून बसला होता आणि फ्युएल ट्रिम भरपूर प्लसमध्ये, म्हणजे ईसीयू जास्तीचं पेट्रोल ओतत होता.

कशाने बंद करायची? आधी तापमान विचारा

यूट्यूबवर शोधलं तर समोर आला बर्फात उभा राहून स्नोमोबाईलचा हेडर सील करणारा माणूस. स्नोमोबाईल म्हणजे बर्फावर चालणारी पट्ट्याची गाडी, आपल्याकडे गुलमर्गला पर्यटकांना फिरवतात ती. त्याने जोडावर लाल सिलिकॉन फासलं, स्प्रिंगा अडकवल्या, झालं. तसल्या बऱ्याच गाड्यांमध्ये हेडर आणि पुढचा पाईप गोल जोडाने बसतात आणि स्प्रिंगांनी एकमेकांवर दाबून धरलेले असतात. जोड हलतो, म्हणून तिथे लवचिक सिलिकॉन चालतं. आपल्या बाईकचा बेंड पाईप इंजिनला नटांनी घट्ट आवळलेला असतो. तिथे तोच उपाय केला तर फसगत.

कारण इंजिनच्या तोंडाशी लोडवर धूर ६०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. नळाला लावायची इपॉक्सी पुट्टी तिथे जळून राख होते (हो, मी लावून बघितली). लाल सिलिकॉन साधारण ३०० अंशांच्या आसपास हात टेकतं. ते मागच्या जोडाला ठीक आहे. शिवाय साध्या सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सरवर बसून तो कायमचा खराब करू शकते, म्हणून ट्यूबवर 'सेन्सर सेफ' लिहिलेलं बघूनच घ्या. सोडियम सिलिकेटवाली एक्झॉस्ट पेस्ट १,००० अंशांच्या आसपास तग धरते, पण सुकली की खडूसारखी ठिसूळ होते. जोडावर किंवा सुईएवढ्या भोकावर ती लावा, हलणाऱ्या तड्यावर नको. लावताना धातू पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायचा, पेस्ट सुकू द्यायची आणि मग गाडी थोडा वेळ आयडलवर ठेवून ती पक्की करायची. हे उघड्यावरच करा. शटर ओढलेल्या पार्किंगमध्ये अजिबात नको. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. गरगरायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. कन्व्हर्टरच्या आधी गळती असेल तर हाच धूर स्वच्छ न होता तुमच्या गुडघ्यापाशी बाहेर येत असतो.

पॅकिंगवर मात्र पेस्ट, सिलिकॉन काहीच नको. नवी पॅकिंग टाका. ती दाबली जाऊन फटीच्या आकाराची होते, म्हणजे एकदाच वापरायची वस्तू. जुनी परत बसवून पैसे वाचत नाहीत.

आणि मी स्टड तोडला

पॅकिंग बदलायला मी स्वतःच बसलो. दहा नंबरचा पाना, गंजलेला नट, थोडा जोर, आणि कट्ट! स्टड इंजिनच्या हेडमध्ये तुटला. नटावर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवायचं आणि मग पाना थोडा पुढे, थोडा मागे करत सोडवायचं, हे मला नंतर कळलं.

तेव्हा गाडी ढकलत वेल्डिंगवाल्याकडे नेली. आपल्या शहरात हे एक सुख आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारे, लेथवाले, वेल्डर अशी अख्खी दुनिया उभी राहिली. या काकांनी आधी बॅटरीची वायर काढली, ईसीयूचा आणि सेन्सरचा कपलर काढला. आर्क वेल्डिंगचा करंट भलत्या वाटेने गेला तर ईसीयू उडू शकतो. कोणी हे न करता गाडीवर वेल्डिंगची ठिणगी पाडायला लागला तर तिथून निघा. मग तुटलेल्या स्टडवर एक नट ठेवून त्याच्या भोकात टाका मारला. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, स्टड लोखंडाचा, त्यामुळे वेल्डिंग फक्त स्टडला धरतं. उष्णतेने गंज सुटतो आणि पाना लावला की स्टड बाहेर. "आटे वाचले, नाहीतर हेलिकॉइल टाकावी लागली असती," काका म्हणाले. मी काही बोललो नाही.

ब्रॅकेटजवळचा तडा त्यांनी सरळ भरला नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोकं पाडली. तड्याच्या अणकुचीदार टोकावर ताण एकवटतो आणि तिथूनच तो पुढे पळतो, गोल भोकाने ताण पसरतो. मग ग्राइंडरने क्रोम घासून काढला, कारण त्याचा वेल्डिंगमधला धूर विषारी असतो, आणि टिग वेल्डिंग केलं. गॅसवर पितळ भरणं स्वस्त पडतं, पण इंजिनच्या तोंडाजवळ काका ते टाळतात. पातळ सडलेल्या पाईपवर मात्र कुठलंच वेल्डिंग टिकत नाही, एक भोक भरेपर्यंत शेजारी दुसरं पडतं. तिथे फक्त सडलेला तुकडा कापून तेवढाच नवा जोडतात.

कन्व्हर्टर "काढून टाक, पिकअप वाढेल" असं सांगणारे भेटतील. आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारखे धातू असतात, म्हणून काढलेला माल कोणाच्या खिशात जातो ते बघा. शिवाय प्रदूषणाचे नियम मोडले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

बसवताना दोन्ही नट आधी हाताने लावले, मग आलटून-पालटून थोडे थोडे आवळले. एकच नट पूर्ण आवळला तर पॅकिंग तिरकी दबते. आट्यांना तांब्याची अँटी-सीझ पेस्ट लावली, पुढच्या वेळी स्टड तुटू नये म्हणून. शंभरेक किलोमीटरनंतर थंड इंजिनवर नट परत तपासले, तर एक पाव फेरा फिरला.

सगळा खर्च त्या असेंब्लीच्या किमतीच्या दहाव्या भागातही बसला. घरी येऊन अ‍ॅप उघडलं. दोन-तीन दिवसांत ट्रिम शून्याजवळ आली आणि व्होल्टेज पुन्हा ०.१ ते ०.९ मध्ये नाचायला लागला. सकाळी शेजारच्या काकूंनी विचारलं, "नवी गाडी घेतली का रे?"