चैत्यभूमीवर मोनोपॉड वापरताना

६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, दादरच्या चैत्यभूमीवर लाखो अनुयायी अभिवादनासाठी येतात. या दिवसाची नोंद समाजातील तरुणांनी आपल्या कॅमेऱ्याने ठेवलीच पाहिजे, असे आम्हाला वाटते. गर्दीत ट्रायपॉडला जागा नसते, म्हणून अनेकजण एका पायाचा मोनोपॉड आणतात. तो जपून वापरावा.

मोनोपॉड आपोआप उभा राहत नाही. कॅमेरा लावल्यावर हात क्षणभरही सोडू नये, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असू द्यावा. पायाचे प्रत्येक लॉक आवळून, हाताने दाब देऊन तपासावे. जड लेन्सला स्वतःची कॉलर असेल तर स्क्रू तिथेच बसवावा, म्हणजे सगळा भार कॅमेऱ्याच्या माउंटवर येत नाही. वर फ्लॅश किंवा माइक लावला की वजन वाढते आणि कॅमेरा कलंडतो. अशा वेळी स्क्रू मधूनमधून पाहावा.

चालताना पाय मिटवून मोनोपॉड अंगालगत उभा धरावा. खांद्यावर आडवा टाकल्यास मागच्याच्या डोळ्याला इजा होऊ शकते. रांगेत लहान मुले आणि वृद्ध असतात.

दादर स्टेशनच्या फलाटावर किंवा पुलावर मोनोपॉड मुळीच उंचावू नये. रेल्वेच्या ओव्हरहेड तारांत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो. अॅल्युमिनियम आणि कार्बन फायबर, दोन्हींतून वीज वाहते. तारेला स्पर्श झाला नाही, नुसते जवळ गेले तरी जीव जाऊ शकतो.

अभिवादनाला आलेल्यांना आधी वाट द्यावी, फोटो त्यानंतर. जय भीम!