बाळाची टोपी व विणकामाचें यंत्र

गेल्या पौषांत आमच्या घरीं नातू झाला. त्याच्यासाठीं टोपी विणण्याचें सूनबाईंनीं मनावर घेतलें व घरांत विणकामाचें हातयंत्र असल्यामुळें आम्हीही हातभार लाविला. टोपी दुपारच्या दुपारीं तयार झाली. परंतु पहिल्याच धुण्यांत ती आटली व बाळाच्या कपाळावर वळ उमटूं लागला. महसूल खात्यांत उभा जन्म काढून, मोजणीशिवाय एक गुंठाही कागदावर न चढविणाऱ्या आम्हीं, घरच्या टोपीची मोजणी मात्र केली नव्हती! त्या चुकीपासून जें शिकलों, तें वाचक बंधूंपुढें ठेवितों.

टोपी ही केवळ हौसेची वस्तु नव्हे. नवजात बाळाचें डोकें शरीराच्या मानानें मोठें असतें व तें उघडें राहिल्यास अंगांतील ऊब लवकर निघून जाते. बाळाच्या अंगाचें तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' ह्या संस्थेनें गांवांतील स्त्रियांस नवजात बालकांची घरच्या घरीं काळजी घेण्याचें शिक्षण दिलें. बाळास ऊबदार ठेवणें हा त्यांतील एक भाग होता. त्या सर्व उपायांनीं मिळून तेथील नवजात बालमृत्यूंचें प्रमाण सुमारें ६२ टक्क्यांनीं घटलें, असें १९९९ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. हें श्रेय एकट्या टोपीचें नव्हे. तथापि अल्प खर्चांत घरीं करतां येण्याजोगी ती गोष्ट आहे.

यंत्राची रचना समजण्यास अवघड नाहीं. मोजे विणण्याचें यंत्र इंग्लंडांत विल्यम ली ह्यांनीं १५८९ सालींच काढिलें होतें. आपल्या हातयंत्रावर एका पट्टींत सुयांची रांग असते. प्रत्येक सुईच्या टोकास आंकडा व त्यावर उघडझांप करणारी लहानशी जीभ असते. वरून गाडी एकदां सरकविली कीं, प्रत्येक सुई नवें सूत पकडून जुन्या टांक्यांतून ओढिते व एक ओळ पुरी होते.

आतां मोजणी. प्रथम त्याच सुताचा वीतभर चौकोनी नमुना विणावा. तो धुवून, सुकवून, न ताणतां सपाट ठेवावा व मधल्या १० सेंटिमीटरांत किती टांके व किती ओळी बसतात तें पाहावें. समजा, २८ टांके व ४० ओळी भरल्या. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर सुमारें ३४ सेंटिमीटर असतो; वीण ताणली जात असल्यामुळें टोपीचा घेर ३२ सेंटिमीटर धरावा. त्याचे टांके ९० होतात. शिवणींत जाणारे दोन मिळवून ९२ सुया घ्याव्या. उंची कांठासह १८ सेंटिमीटर, म्हणजे ७२ ओळी. कमी वजनाच्या बाळाचें डोकें लहान असतें. तेथें फितीनें मोजूनच हिशेब करावा.

पहिली ओळ सैल घालावी, नाहीं तर कांठ रुततो. ७२ ओळी झाल्यावर एकाआड एक टांका शेजारच्या सुईवर चढवावा, रिकाम्या सुया मागें साराव्या व एक ओळ विणावी. मग हातभर सूत राखून तोडावें, जाड सुईंत ओंवून सर्व टांक्यांतून न्यावें व टांके यंत्रावरून उतरवून सूत ओढावें, माथा मिटतो. त्याच सुतानें बाजू शिवावी. खालचा कांठ आपोआप गुंडाळला जातो.

आमच्या भातकुलीच्या खारपाणपट्ट्यांतील खाऱ्या पाण्यांत साबणास नीट फेस येत नाहीं. म्हणून नमुना व टोपी दोन्ही गोड्या पाण्यांत धुवावीं. टोपीस गोंडे, मणी किंवा गळ्याखालीं बांधण्याचे बंद लावूं नयेत. त्यांपासून जिवास धोका असतो. बाळास घाम येऊं लागला कीं टोपी काढावी. वैशाखांत तिचें कामच नाहीं.

आपण कापूस विकतों आणि बाळासाठीं कृत्रिम धाग्याची टोपी विकत आणितों, ही गोष्ट मनास बोंचते खरी. पण घरच्या कापसाचें सूत घरीं होत नाहीं. तें विकतच घ्यावें लागतें. दोन टोप्यांसाठीं यंत्र घेणें म्हणजे दोन गुंठ्यांसाठीं ट्रॅक्टर घेणें होय. ज्या गांवांत बचत गट आहे तेथें सर्वांत मिळून एक यंत्र शोभेल. २०११ सालापासून आशाताई नवजात बाळांच्या घरीं भेटी देत आहेत; वर्षांत किती बाळंतपणें होतात हें त्यांस विचारावें, सुताचा भाव काढावा, व हिशेब जमला तरच पैसा घालावा.

आमची दुसरी टोपी नमुना धुवून, मोजून विणली. ती नातवास बरोबर बसली व सारा माघ त्यानें ती घातली. पहिली आम्हीं मोडली नाहीं. मोजणी चुकल्याची खूण म्हणून ती यंत्राशेजारीं खुंटीस टांगून ठेविली आहे.