ओझे ज्याचे, जबाबदारी त्याची



घाऊक बाजारात तुम्ही कधी गेला आहात का? धान्याचा ट्रक येऊन उभा राहतो. लगेच काही माणसे पुढे येतात. त्यांच्या हातात लोखंडी आकडा असतो. एकामागून एक पोती पाठीवर, डोक्यावर घेऊन ती गोदामात रचतात. या माणसांना हमाल किंवा माथाडी कामगार म्हणतात. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी.

हमाल, मजूर, मालक, हक हे मराठी शब्द तुम्हांला ओळखीचे वाटतील, कारण ते उर्दूतही आहेत. 'कायदा' हा शब्दही तसाच. उर्दूत 'कायदा' म्हणजे नियम, किंवा मुलांचे अक्षरओळखीचे पुस्तक. मराठीत मात्र 'कायदा' म्हणजे कानून. या पाठात आपण अशाच एका कायद्याची माहिती घेऊ.

कारखान्यातील कामगाराचे नाव हजेरीपटावर असते. त्याचा मालक कोण, हे सर्वांना ठाऊक असते. पण हमालाचे तसे नाही. सकाळी तो एका व्यापाऱ्याचे तांदूळ उतरवतो, दुपारी दुसऱ्याची साखर वाहतो आणि संध्याकाळी तिसऱ्याचा ट्रक भरतो. मग त्याचा मालक कोण? पूर्वी प्रत्येक व्यापारी म्हणत असे, "हा माझा नोकर नाही." पोती मोजून मजुरी हातावर ठेवली, की संबंध संपला. आजारी पडला, तर त्या दिवसाची कमाई बुडाली. वयाबरोबर पाठ वाकली, की काम सुटले आणि हात रिकामेच राहिले. जन्मभर कष्ट केल्याचा एकही कागदी पुरावा त्याच्याजवळ नसे.

मुंबईच्या बाजारांत आणि गोद्यांमध्ये असे हजारो हमाल राबत होते. सातारा जिल्ह्यातून आलेले अण्णासाहेब पाटील (१९३३–१९८२) यांनी त्यांना संघटित केले. मोर्चे निघाले, संप झाले. अखेर १९६९ साली राज्याच्या विधिमंडळाने 'महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम' मंजूर केला.

या कायद्याची युक्ती साधी आहे. हमालाला एक मालक नसेल, तर सर्व मालकांनी मिळून त्याची जबाबदारी घ्यावी. त्यासाठी किराणा, कापड, लोखंड, भाजीपाला अशा निरनिराळ्या व्यवसायांसाठी मंडळे स्थापन झाली. मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्याच संख्येने असतात. सरकारचेही प्रतिनिधी असतात.

आता मंडळाचे काम कसे चालते ते पाहू. जेथे ही योजना लागू आहे, तेथे व्यापाऱ्याने मंडळाकडे नाव नोंदवावे लागते. हमालांचीही नोंद होते. त्यांच्या टोळ्या असतात. व्यापारी मजुरी मंडळाकडे भरतो आणि तिच्यावर ठरलेली जादा रक्कमही भरतो. या जादा रकमेला 'लेव्ही' म्हणतात. तिचा दर प्रत्येक मंडळाचा वेगळा असतो. समजा, मजुरी १,००० रुपये झाली आणि लेव्ही ३० टक्के आहे. मग व्यापाऱ्याला १,३०० रुपये भरावे लागतील. मजुरी मंडळाकडून हमालाला मिळते. लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, बोनस आणि औषधोपचार यांची सोय होते. कामावर अपघात झाल्यास नुकसानभरपाईचा हकही या कायद्याने दिला आहे. व्यापाऱ्याने पैसे थकवले, तर ते जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येतात.

अशा रीतीने दहा ठिकाणी केलेले काम एकाच माणसाच्या नावावर जमा होते. ज्याला कोणी आपला म्हणत नव्हते, त्याचे नाव वहीत आले. या कायद्याचे खरे मोल यातच आहे.

पण कायदा झाला म्हणजे सर्व प्रश्न सुटले, असे नाही. काही मालक लेव्ही वाचवण्यासाठी नोंदणीच करत नाहीत. उलट, काही ठिकाणी ओझे न उचलताच माथाडीच्या नावाने पैसे मागणारे लोकही आढळतात. पहिल्या प्रकारात कष्टकऱ्याचा हक बुडतो, तर दुसऱ्या प्रकारात त्याच्या नावाला बट्टा लागतो.

मित्रांनो, हमालीचे काम करणाऱ्या कितीतरी माणसांना लिहिता-वाचता येत नाही. तुम्हांला येते. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी असे काम करत असेल, तर त्याला विचारा, "चाचा, तुमची मंडळात नोंद आहे का? ओळखपत्र मिळाले का?" त्याचे कागद त्याला वाचून दाखवा. भरलेली रक्कम आणि केलेले काम यांचा मेळ बसतो का, ते पाहा. पाठीवरचे ओझे तुम्ही उचलू शकणार नाही, पण हिशेबाचे ओझे नक्कीच हलके करू शकाल.