छातीत सुई टोचते तेव्हा

पोक काढून मोबाइल बघत बसलेल्या विशीतल्या मुलाच्या छातीत डावीकडे अचानक सुई टोचल्यासारखी कळ येते. श्वास घेतला की ती वाढते, म्हणून तो अर्धाच श्वास घेतो; एका बोटानं नेमकी जागा दाखवतो. दोन-तीन मिनिटांत सगळं थांबतं. ईसीजी नॉर्मल. मिलर आणि टेक्सिडोर या डॉक्टरांनी १९५५ मध्ये या दुखण्याला ‘प्रीकॉर्डियल कॅच’ म्हटलं. उगम बहुधा छातीच्या भिंतीत किंवा फुप्फुसाच्या आवरणात; हृदयात नाही. ‘टेन्शन घेतोस’ म्हणून अशा मुलाची बोळवण करू नये, दुखणं खरंच असतं. मात्र चालता-धावताना छातीवर दाब येत असेल, कळ हाताकडे-जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम किंवा भोवळ येत असेल, तर वय न बघता तातडीनं हॉस्पिटल गाठावं.